हवेतला किरणोत्सार : यंत्राला केव्हा कळते, माणसाला केव्हा कळते

आमच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेमागे सामानाची एक खोली आहे. तळमजल्यावरची, एकाच खिडकीची. आणि ती खिडकीही एका जुन्या कपाटाने झाकलेली. तृतीय वर्षाच्या वर्गाला किरणोत्सार शिकवताना मी दरवर्षी या खोलीचा उपयोग करतो. साधा रबरी फुगा फुगवायचा, लोकरीच्या कापडाने चांगला घासायचा आणि त्या बंद खोलीत अर्धा तास दोऱ्याला टांगून ठेवायचा. मग हवा सोडून तो गायगर मोजणीयंत्राच्या नळीपाशी धरायचा. एरवी मिनिटाला पंचवीस-तीस ठोके देणारे ते यंत्र फुगा जवळ येताच ताशासारखे वाजू लागते. पाठ्यपुस्तकात किरणोत्सार म्हणजे क्यूरीबाईंचे छायाचित्र आणि अणुबाँबची छत्री. तो आपल्याच खोलीतल्या हवेत आहे, हे मुलांना या फुग्यावाचून पटत नाही.

यंदा फुगा वाजत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, हे यंत्र आत्ताचं सांगतंय की मघाचं?" प्रश्न इतका नेमका होता की मी हातातला खडू खाली ठेवला. तेवढ्यात दाराशी उभे असलेले आमच्या प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, "सर, मी दुपारचा त्याच खोलीत पडतो. झोपू का नको, तेवढं सांगा."

पहिला प्रश्न शास्त्राचा आणि दुसरा व्यवहाराचा, अशी वाटणी करून मोकळे होणे सोपे आहे. आम्हा शिक्षकांना तशी सवयच असते. परंतु हवेतील किरणोत्सारी कण मोजण्याचा जगभरचा इतिहास जसजसा मी वाचत गेलो, तसतसे हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसू लागले. साहित्य आणि समाजचिंतनाच्या या पानांवर मोजणीयंत्राचे काय काम, असे कोणी विचारील. कोणाला काय, केव्हा आणि किती कळू द्यायचे हा प्रश्न ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांवर गुदरला आहे, त्यांना ते काम समजावून सांगावे लागू नये.

प्रथम फुग्याकडे वळू. जमिनीत, खडकांत, विटांत अत्यल्प प्रमाणात युरेनियम असते. ते क्षय पावत पावत रेडियम होते आणि रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. फरशीच्या फटींतून तो खोलीत येतो. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे, म्हणजे तेवढ्या काळात त्याचा निम्मा भाग उरतो. वायू असल्याने तो श्वासाबरोबर आत जातो तसा बहुतांशी बाहेरही येतो. खरा त्रास त्याच्या वंशजांचा. रेडॉनपासून पोलोनियम, शिसे आणि बिस्मथ यांचे किरणोत्सारी अणू तयार होतात. हे धातूंचे अणू हवेतल्या धुळीला चिकटतात, घासलेल्या फुग्याला चिकटतात आणि फुप्फुसाच्या अस्तरालाही चिकटतात. त्यांतले पोलोनियम-२१८ तीन मिनिटांत निम्मे होते, शिसे-२१४ सुमारे २७ मिनिटांत, बिस्मथ-२१४ सुमारे २० मिनिटांत. म्हणून फुग्याचा ताशा तास-दोन तासांत थंडावतो. जागतिक आरोग्य संघटना धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाच्या प्रमुख कारणांत रेडॉनची गणना करते. तो कुठल्या कारखान्यातून येत नाही; तो भूमीचाच आहे, आणि बंद, कोंदट खोलीत साठतो. हवेशीर घर ज्याला परवडते त्याच्याकडे कमी साठतो, हे उघड आहे.

मामांना मी सांगितले, "झोपा, पण खिडकी उघडी ठेवून." खिडकी उघडायची तर कपाट हलवायला हवे होते. ते त्याच दिवशी आम्ही चौघांनी मिळून हलवले. दुसऱ्या दिवशी फुग्याचे ठोके निम्म्याहून कमी झाले होते.

आता त्या मुलीचा प्रश्न. फुग्यावर मोजले ते 'मघाचे' होते; अर्ध्या तासात जमलेले. हवेतील कण मोजण्याची अडचण इथूनच सुरू होते. कण इतके विरळ असतात की ते आधी गोळा करावे लागतात, आणि गोळा करायचे म्हणजे वेळ जाऊ द्यायचा. प्लुटोनियम हाताळणाऱ्या प्रयोगशाळेत किंवा वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात यासाठी एक यंत्र सतत चालू ठेवलेले असते. त्याला आपण निरंतर हवा-मापक म्हणू. त्याची रचना सोपी आहे. पंप खोलीतील हवा ओढतो, ती एका गाळणकागदातून जाते, कण कागदावर अडकतात आणि कागदासमोर काही मिलिमीटरवर बसवलेली सिलिकॉनची चकती त्या कणांतून निघणारा प्रत्येक अल्फा कण मोजते. मोजणी पंप चालू असतानाच होत राहते. ठराविक मर्यादा ओलांडली की घंटा वाजते आणि माणसे बाहेर पडतात. दिवसभराचा कागद संध्याकाळी प्रयोगशाळेत नेऊन तपासण्याच्या जुन्या पद्धतीत कामगाराने काय श्वासात घेतले ते दुसऱ्या दिवशी कळायचे. त्या चुकीची दुरुस्ती म्हणून हे यंत्र आले.

अल्फा कणाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. हवेत तो काही सेंटीमीटर जातो आणि थांबतो. कागद त्याला अडवतो, त्वचेचा मेलेला थरही अडवतो. त्यामुळे शरीराबाहेर त्याचे भय नसते. फुप्फुसाच्या आत मात्र मेलेला थर नसतो; तिथे तो आपली सगळी शक्ती जिवंत पेशींच्या चिमूटभर जागेत ओततो. गाळणकागद हे एक प्रकारे यंत्राला लावलेले फुप्फुसच, पण वेळीच उघडून वाचता येणारे.

इथे जरा विषयांतर करतो. माझे वडील अकरा वर्षे खडी फोडण्याच्या एका केंद्रावर कामाला होते. त्या धुळीत किरणोत्साराचा प्रश्न कोणी काढला नव्हता. दगड होता, आणि तेवढा पुरेसा होता. तिथे पंप नव्हता, कागद नव्हता. धूळ गोळा करण्याचे काम त्यांच्या छातीने केले. सरकारी दवाखान्यात वर्षभर क्षयाच्या गोळ्या खाल्ल्यावर एका तरुण डॉक्टरने क्ष-किरणाचा फोटो उजेडासमोर धरला आणि विचारले, "बाबा, कामाला कुठं होता?" ते मोजमाप अकरा वर्षे उशिरा झाले होते. मी तेव्हा बारावीत होतो. घरातला पहिला पदवीधर होऊन पुढे मी मोजण्याचेच शास्त्र शिकवू लागलो, हा योगायोग असेलही.

पुन्हा यंत्राकडे. त्याची पहिली अडचण म्हणजे आपला रेडॉनच. पंप जी हवा ओढतो तिच्यात रेडॉनची प्रजा सर्वत्र असते आणि तीही अल्फा कण सोडते. मग घंटा कोणासाठी वाजवायची? बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवरून शेतकरी अंधारातही आपली जोडी ओळखतो. तसे प्रत्येक अणूच्या अल्फा कणाची ऊर्जा ठरलेली असते : पोलोनियम-२१४ ची सुमारे ७.७ मेगॅइलेक्ट्रॉन-व्होल्ट, पोलोनियम-२१८ ची ६.०, प्लुटोनियम-२३९ ची सुमारे ५.२. ऊर्जेनुसार कप्पे पाडले की निरनिराळे अणू वेगळे ओळखता येतात. पण कागदावर धूळ साचली, किंवा कण कागदाच्या धाग्यांत खोल गेला, तर अल्फा बाहेर येईपर्यंत थकतो. सहाचा कण पाचाच्या कप्प्यात येऊन पडतो आणि निष्पाप पोलोनियम प्लुटोनियमसारखे दिसू लागते. म्हणून अशा यंत्रांत गुळगुळीत पृष्ठभागाचा गाळणकागद वापरतात आणि रेडॉनचा वाटा हिशेबाने वजा करतात.

दुसरी अडचण संख्याशास्त्राची आहे आणि ती कोणत्याही पैशाने सुटत नाही. अणू घड्याळाच्या तालावर फुटत नाहीत. नऊ ठोके मोजले तर त्यात तीनाची अनिश्चिती असते. नऊशे मोजले तर तीसाची. पहिल्यात तिसरा हिस्सा शंका, दुसऱ्यात तिसावा. अधिक खात्री हवी तर अधिक थांबा. आणि तोवर खोलीतील माणूस श्वास घेतच असतो. मर्यादा खाली ठेवली तर घंटा उगाच वाजते. चार वेळा उगाच वाजली की पाचव्या वेळी कोणी उठत नाही, हे ज्याने कारखान्यात काम केले आहे त्याला सांगायला नको. मर्यादा वर ठेवली तर खरी गळती उशिरा कळते. ती कुठे ठेवायची याचे उत्तर यंत्रात नसते. ते कोणीतरी टेबलाशी बसून ठरवते. ठरवणारा त्याच खोलीत श्वास घेणारा असतो काय, एवढा प्रश्न मला विचारावासा वाटतो.

'तत्काल मोजमाप' हा शब्दप्रयोग यासाठीच जपून वापरावा लागतो. त्यात दोन निराळी कामेही एकत्र केली जातात. देशोदेशी रस्त्याकडेला, टेकड्यांवर, हवामान-केंद्रांत जी यंत्रे उभी आहेत त्यांतली बहुतेक गॅमा किरण मोजतात. जर्मनीत अशी सुमारे १,७०० केंद्रे आहेत. युरोपातील देशांचे आकडे एकत्र नकाशावर येतात आणि ते कोणालाही पाहता येतात. ही यंत्रे वेगवान आहेत, पण हवेत नेमके कोणते कण आहेत ते सांगत नाहीत. आणि अल्प प्रमाण त्यांच्या लक्षातही येत नाही. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये युरोपभर हवेत रुथेनियम-१०६ पसरले होते. ते सापडले गाळणकागद तपासणाऱ्या प्रयोगशाळांना. गॅमा यंत्रांचे जाळे शांत होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उगमाचा माग रशियातील दक्षिण उरलकडे नेला. रशियाच्या अणुसंस्थेने जबाबदारी नाकारली. प्रमाण आरोग्याला घातक नव्हते, पण कागद नसता तर काही घडले होते हेही कोणाला कळले नसते.

आता चेर्नोबिल. २६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर १ वाजून २३ मिनिटांनी चौथी भट्टी फुटली. जवळच्या प्रिपयात शहरात त्या शनिवारी मुले बाहेर खेळत होती. सुमारे ४९,००० लोकांचे हे शहर २७ तारखेच्या दुपारी रिकामे करण्यात आले. जगाला मात्र अजून काहीच ठाऊक नव्हते. सोमवारी, २८ तारखेच्या सकाळी, अकराशे किलोमीटरवरच्या स्वीडनमध्ये फोर्समार्क अणुकेंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे दाराशी असलेल्या यंत्राची घंटा वाजली. गंमत अशी की गळती आपलीच असावी असे समजून त्यांनी आपल्याच कामगारांना बाहेर काढले. मग ध्यानात आले की किरणोत्सार आतून बाहेर जात नाही, बाहेरून आत येतो आहे. स्वीडनजवळ हवा गाळणारी केंद्रे होतीच. पन्नासच्या दशकात महासत्ता वातावरणात बाँबच्या चाचण्या करीत होत्या तेव्हा ती उभारलेली. कागदावरील समस्थानिकांचे परस्पर-प्रमाण पाहून हा बाँब नव्हे, अणुभट्टी आहे, हे सांगता आले. वाऱ्याची दिशा उलट मोजून ती कुठली तेही. त्याच रात्री नऊच्या सुमारास मॉस्कोने चार-पाच वाक्यांची घोषणा केली. १ मे रोजी किएवमध्ये कामगार दिनाची मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली. कामगारांच्या नावाने चाललेल्या राज्यात कामगारांची मुले त्या हवेत झेंडे घेऊन चालली. मी हे कुठल्या विचारसरणीला हिणवण्यासाठी लिहीत नाही. पुढे जपानकडे वळायचे आहे, आणि ते लोकशाही राष्ट्र आहे.

उशिराची किंमत काय, याचाही आकडा आहे. आयोडिन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे. ते हवेतून गवतावर, गवतातून दुधात आणि दुधातून मुलांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत जाते. पहिले काही आठवडे ताजे दूध थांबवले तर ही वाट बंद होते. त्या वेळी मूल किंवा किशोरवयीन असलेल्यांत २००५ पर्यंत बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत थायरॉइडच्या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले; त्यांतील मोठा वाटा या दुधाचा असावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने म्हटले आहे. दूध थांबवायला यंत्र लागत नाही, वेळेवर मिळालेला निरोप लागतो.

१९९६ च्या सर्वंकष अणुचाचणी-बंदी कराराने (भारताने त्यावर सही केलेली नाही) हवेतील कण मोजणारी ८० केंद्रे जगभर ठरवली. प्रत्येक केंद्र तासाला किमान ५०० घनमीटर हवा ओढते. चोवीस तास हवा गाळायची, मग रेडॉनची प्रजा मरावी म्हणून कागद सुमारे एक दिवस तसाच ठेवायचा, मग जवळजवळ एक दिवस मोजायचा. तीन दिवस झाले. बाँब कोणी फोडला हे शोधायला तीन दिवस चालतात. त्यासाठी हे जाळे उत्तम आहे. त्याची संवेदनशीलता इतकी की २०११ मध्ये फुकुशिमाचे कण पंधरा दिवसांत उत्तर गोलार्धात सर्वत्र त्याला सापडले. पण त्याचे आकडे सदस्य-राष्ट्रांच्या सरकारांकडे जातात. ज्याच्या अंगणावरून वारा गेला त्याच्याकडे नाही.

फुकुशिमाची हकीकत मी सविस्तर सांगणार आहे, कारण तिथे यंत्रे नव्हती असे कोणी म्हणू शकत नाही. ११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामी आली. फुकुशिमा प्रांताच्या २४ स्थिर मापन-केंद्रांपैकी २३ निकामी झाली. काही लाटेने नेली, काहींची वीज आणि तारा तुटल्या. संकटासाठी उभारलेले यंत्र संकटातच बंद पडले. तरीही एक गोष्ट शिल्लक होती. 'स्पीडी' नावाची एक संगणक-व्यवस्था जपानने याच प्रसंगासाठी तयार केली होती. वारा, पाऊस आणि डोंगर-दऱ्यांचा हिशेब करून किरणोत्सारी ढग कुठे जाईल ते ती सांगत असे. भट्टीतून नेमके किती बाहेर पडते आहे हे भट्टीतले मापक बंद पडल्याने कळत नव्हते, म्हणून आकडा गृहीत धरून हिशेब केले गेले. ढगात किती आहे ते त्यातून कळत नव्हते; तो कोणत्या दिशेने चालला आहे ते कळत होते.

नामिए हे गाव अणुकेंद्राच्या शेजारचे. १२ मार्चला पहिल्या भट्टीची इमारत हायड्रोजनच्या स्फोटाने उडाली. टोकियोहून काहीच मार्गदर्शन नसल्यामुळे नगरपालिकेने हजारो लोकांना डोंगराकडच्या त्सुशिमा भागात हलवले. हिवाळ्यातला वारा समुद्राकडे, दक्षिणेला वाहतो, असा त्यांचा अनुभव होता. तीन रात्री लोक तिथे राहिले. मुले बाहेर खेळली. काही घरांनी ओढ्याच्या पाण्यात भात शिजवला. १५ मार्चला वारा वायव्येकडे वळला, वर पाऊस आणि हिम पडले, आणि सगळ्यांत दाट सडा नेमका त्या बाजूला झाला. लोक ज्याच्यापासून पळाले त्याच्याच वाटेवर जाऊन बसले होते. 'स्पीडी'चे नकाशे १४ मार्चला अमेरिकन लष्कराला देण्यात आले. जनतेसाठी पहिला नकाशा २३ मार्चला निघाला. ईताते नावाचे सहा हजार वस्तीचे गाव तर केंद्रापासून तीस-चाळीस किलोमीटर दूर. ते स्थलांतराच्या क्षेत्रात घेण्याचा हुकूम २२ एप्रिलला झाला.

अधिकाऱ्यांचे म्हणणे असे होते की आकडे अपुरे होते, लोक घाबरले असते. हा युक्तिवाद मला ओळखीचा वाटतो. ज्यांना कधी काही सांगायचे नसते, त्यांच्याविषयी नेहमी तेच म्हटले जाते : समजणार नाही, घाबरतील, गैरवापर करतील. आकडा अपुरा होता हे खरे. पण 'किती ते ठाऊक नाही, त्सुशिमाकडे जाऊ नका' हे वाक्य कोणत्या मुलाला समजले नसते? नामिएचे नगराध्यक्ष तामोत्सु बाबा (बाबा हे जपानी आडनाव आहे) यांनी पुढे वार्ताहरांपाशी या लपवाछपवीची तुलना मनुष्यवधाशी केली.

या हकीकतीला एक उपकथा आहे आणि मला ती मुख्य कथेहून अधिक अस्वस्थ करते. जपानच्या शहरांत आणि गावांत धुराचे, धुळीचे प्रदूषण मोजणारी साधी यंत्रे होती. किरणोत्साराशी त्यांचा काही संबंध नव्हता. अशा यंत्रात गाळणकागदाची लांब फीत असते. ती तासातासाने पुढे सरकते आणि प्रत्येक तासाच्या धुळीचा एक गोल ठिपका तिच्यावर उमटतो. यंत्र बीटा किरण त्यातून सोडून धूळ किती ते सांगते. आपल्याकडच्या शहरांतही याच तत्त्वावरची धूलिमापक यंत्रे आहेत. मार्च २०११ मध्ये ही यंत्रे बिचारी धूळ मोजत राहिली. पुढे हारुओ त्सुरुता, यासुजी ओउरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरलेल्या फिती मिळवल्या आणि एकेक ठिपका कापून त्यातले सीझियम मोजले. २०१४ मध्ये पहिले निष्कर्ष आले, २०१५ पर्यंत पूर्व जपानमधल्या ९९ केंद्रांची तासातासाची नोंद तयार झाली. ढग कोणत्या गावावर कोणत्या तासाला आला आणि गेला, सारे त्यात आहे. अणुकेंद्राजवळच्या फुताबा येथील फितीने तर १२ मार्चच्या स्फोटाआधीच्या तासातही हवा दूषित असल्याचे दाखवले.

म्हणजे नोंद होत होती. त्याच क्षणी, तासातासाला, शंभराजवळ ठिकाणी. ती कागदावर होती आणि कागद पेटीत होता. कोणाला वाचायचे सुचले नाही, आणि सुचले तेव्हा मुलांची उंची वाढली होती. वडिलांच्या छातीच्या फोटोची आठवण मला इथे आल्यावाचून राहिली नाही.

फुकुशिमानंतर काही नागरिकांनी 'सेफकास्ट' नावाचा उपक्रम सुरू केला. गायगर नळी आणि ठिकाण नोंदणारे यंत्र एका पेटीत घालून ती मोटारीच्या खिडकीला लावायची, गावोगाव फिरायचे आणि सारे आकडे सर्वांसाठी खुले करायचे. आजवर जगभरातून दहा कोटींहून अधिक नोंदी त्यांनी जमवल्या. एका उत्साही कार्यकर्त्याने मला विचारले, आपणही अशी पेटी घेतली तर अणुकेंद्रांवर लक्ष ठेवता येईल ना? त्याला जे सांगितले ते इथेही सांगतो. ही पेटी मुख्यतः जमिनीवर पडलेल्या किरणोत्साराचा मारा दाखवते. हवेत तरंगणारे कण, विशेषतः अल्फा सोडणारे, तिच्या आवाक्यात नाहीत. त्यासाठी पंप हवा, कागद हवा, हवेचे घनफळ मोजायला हवे, रेडॉन वजा करायला हवा. अर्धवट मोजणी करून 'धोका' ओरडणारा कार्यकर्ता त्या उगाच वाजणाऱ्या घंटेसारखा असतो. आपली बाजू न्यायाची आहे म्हणून वर्गमूळ माफ होत नाही.

आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचे देशव्यापी निरीक्षण-जाळे आहे. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'आयर्मॉन' म्हणतात आणि ते गॅमा किरण मोजते. अणुकेंद्रांजवळ पर्यावरण-प्रयोगशाळा आहेत आणि त्या हवा, पाणी, मासळी, दूध यांचे नमुने तपासतात. तारापूरला १९६९ पासून वीज होऊ लागली. जैतापूरचा वाद आपण सर्वांनी पाहिला आहे. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या १८ व्या कलमाने अणुकेंद्रांविषयीच्या माहितीवर निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारला दिला होता. त्या सावलीत आपल्याकडची एक पिढी 'हे विचारायचे नसते' असेच शिकली. मी म्हणतो, विचारायचे ते नेमके विचारावे. यंत्र गॅमा मोजते की कण? कागद किती तासांनी बदलतो? घंटेची मर्यादा किती आणि ती कोणी ठरवली? वीज गेली तर ते किती वेळ चालते? आकडा कोणत्या भाषेत, कोणत्या फलकावर, किती मिनिटांनी लागतो? भट्टीच्या आत कंत्राटावर साफसफाई करणाऱ्या माणसाला आपल्या छातीसमोरच्या यंत्राचा आकडा वाचता येतो काय? यातला एकही प्रश्न देशाच्या सुरक्षेला बाधक नाही, आणि यातला प्रत्येक प्रश्न बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला विचारता येण्यासारखा आहे.

त्या मुलीला मी अखेर उत्तर दिले ते असे : यंत्र नेहमीच थोडे मघाचे सांगते, किती मघाचे ते आपण लिहून ठेवू शकतो. त्यावर तिने आणि तिच्या मैत्रिणींनी एक वही घातली. सामानाच्या खोलीतल्या फुग्याची रोजची मोजणी. मी रकाने आखून दिले होते : तारीख, हवामान, खिडकी, ठोके. तिने ते खोडून वाढवले. आता वहीत 'केव्हा मोजले' आणि 'केव्हा लिहिले' असे दोन वेगळे रकाने आहेत, आणि शेवटी एक तिसरा आहे : 'कोणाला सांगितले'. वही दाराबाहेर सुतळीने टांगलेली असते. सकाळची मोजणी मामा करतात. त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.

१९ जुलैची नोंद अशी आहे : पावसाची झड, खिडकी बंद, मोजले ८.१०, लिहिले ८.१५, ठोके १९४. शेवटच्या रकान्यात मामांनी लिहिले आहे, 'स्वतःला. खिडकी उघडली.'